शारदाक्कांचा रविवार

शारदाक्का रविवारी फोडणीवर झाकण धरत. मोहरी तडतडल्याचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून. आता हा शेजार कुठला, तर चेन्नईतल्या पेरुंगुडीतला. आमच्या फाटकाबाहेर पाण्याचे टँकर भोंगे वाजवत उभे असायचे, पलीकडे मेट्रोसाठी रस्ता उकरून ठेवलेला, आणि समोरच्या चहावाल्याचा रेडिओ बंद झालेला मी कधी ऐकला नाही. अशा ठिकाणी ही सत्तरी ओलांडलेली बाई रविवारी नळ अर्धाच सोडायची, खुर्ची ओढायची नाही तर उचलून ठेवायची, आणि बोलायची तेही कुजबुजत. पहिल्यांदा मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. "नाहीं गे," त्या म्हणाल्या, "रविवार आहे."

हे खूळ स्वित्झर्लंडचं, तिकडे रविवारी कुणी आवाज करायचा नाही असा नियमच. अक्का मूळच्या तंजावरच्या मराठी घरातल्या. लग्न होऊन नवऱ्याबरोबर तिकडे गेल्या. तो कापडाचे माग बनवणाऱ्या कारखान्यात होता. डोंगराच्या पायथ्याच्या एका लहान गावात त्यांनी छत्तीस वर्षं काढली, मुलगा वाढवला, आणि नवरा गेल्यावर एके दिवशी सगळं आवरून चेन्नईला आल्या. तंजावरला कुणी उरलं नव्हतं, आणि चेन्नईत तरी कोण होतं म्हणा. का आलात, असं विचारलं की म्हणायच्या, "तिकडे गाईच्या गळ्यांत एवढी थोरली घंटा बांधतात, आणि माणसानें मोठ्यानें बोललें कीं खिडकी लावून घेतात. मला वाटलें, कांहीं दिवस माणसांचें ऐकावें." आणि हे म्हणणारी बाई रविवारी कुजबुजायची. मी फार खोलात गेले नाही. त्या दिवसांत मी कशाच्याच खोलात जात नव्हते.

मी बँकेतली. घर नाशिकला, नवरा आणि मुलगी तिथेच. बढतीबरोबर चेन्नई आली. आधी ओएमआर या जवळच्या हमरस्त्यावरची शाखा होती, म्हणून पेरुंगुडीत भाड्याने घर घेतलं. सामान लागतंय न लागतंय तोच श्रीपेरुंबुदूरच्या शाखेत पाठवलं. शहराच्या एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला नोकरी. घर बदलायला हवं होतं, पण घर बदलायलाही अंगात जीव लागतो. सकाळी सातच्या सुमारास निघायचं, कारखान्यांच्या बसगाड्यांच्या मागे रांगत जायचं, आणि संध्याकाळी तसंच परत. दर वर्षी बदलीचा अर्ज करायचा आणि दर वर्षी 'विचाराधीन' व्हायचं. नाशिकला फोन केला की नवरा म्हणायचा, "काय विशेष?" काय विशेष असणार?

पहिल्याच वर्षी अशाच एका फोनवर जिन्यात उभी राहून मी नवऱ्याशी भांडत होते. लिफ्ट बंद होती. फोन ठेवला तर दुसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं आणि एक लहानखुरी बाई म्हणाली, "तूं मराठी आहेस होय? मग तीन महिने कोठें होतीस?" असलं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. एखाद्या जुन्या बखरीतून उठून निघालेली आणि वाटेत तमिळ घरात चार घास खाऊन आलेली अशी ती भाषा. वाक्य मराठी आणि हेल मात्र तमिळ. "तिकडे नवें बिऱ्हाड आलें कीं तें सगळ्यांच्या दारीं जाऊन नांव सांगतें," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठीं काजू तळून ठेविले होते. तूं येईनास. शेवटीं मीच खाल्ले." मी तिसऱ्या मजल्यावर राहत होते, बरोब्बर त्यांच्या डोक्यावर. तीन महिने ही बाई माझ्या पावलांचा आवाज ऐकत काजू राखून बसली होती, आणि मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

त्यानंतर मला त्यांच्याकडे कॉफीचं बोलावणं येऊ लागलं. पण कसं? "पुढल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं ये, चार वाजतां." मी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईकडे जायला पुढच्या महिन्याची वाट बघायची! एकदा मी दहा मिनिटं आधी गेले तर दारातूनच म्हणाल्या, "जरा खालीं एक फेरी मारून ये. तिकडे सगळे तसेंच करितात. बर्फांत सुद्धां." मी खरंच फाटकापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा कॉफीचं डिकाशन तयार होतं आणि अक्का अशा हसत होत्या, की त्यांनी मुद्दाम केलं की काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कॉफीबरोबर स्वित्झर्लंड निघायचं. आपल्याकडे परदेशातून आलेली माणसं दोन जातींची. एक, तिकडे सगळं सोन्याचं म्हणणारी, आणि दुसरी, इकडच्या धुळीलाही अत्तर म्हणणारी. अक्का दोन्हींत बसत नसत. त्यांना तिकडची माणसं विनोदी वाटत, आणि इकडची त्याहून. इमारतीला मिळून एक कपडे धुवायचं यंत्र असायचं तळघरात, आणि प्रत्येक घराला धुण्याचा वार ठरलेला. अक्कांचा गुरुवार, तोही एक गुरुवार सोडून एक. "मूल जन्मलें तरी गुरुवारीं जन्मावें, म्हणजे दुपटीं धुतां येतील," त्या म्हणत. पहिल्यांदा त्यांनी आपल्या साड्या वाळत घातल्या तेव्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साड्याच साड्या झाल्या. समोरच्या घरातली फ्राउ बाउमान, म्हणजे बाउमानबाई, खाली आली, सगळं नीट बघितलं आणि विचारलं, की एवढे पडदे लावायला तुमच्या घराला खिडक्या तरी किती आहेत?

प्रत्येक इमारतीखाली अणुबाँबपासून वाचण्यासाठी जाड भिंतींची खोली असते म्हणे. सरकारी नियमच तसा. बाँब काही पडत नाही, तेव्हा लोक तिथे बटाटे ठेवतात. अक्का कैरीच्या लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या. "जग बुडालें असतें तर आम्ही चौदा माणसें आणि माझें लोणचें उरलों असतों. आणि फ्राउ बाउमाननें तरीही तें तिखट आहे म्हणून नांवें ठेविलीं असतीं." डोंगराच्या वाटेवर मात्र हीच माणसं येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत. खाली बसमध्ये शेजारी बसून ओळख न देणारा माणूस वर चढला की हात हलवायचा. अक्का म्हणायच्या, "किती उंचीवर गेलें कीं ओळख लागते, तें मी पुष्कळ दिवस शोधीत होतें."

आणि एक अंड्यांची गोष्ट त्या नेहमी सांगत. शेतकऱ्याच्या घराबाहेर रस्त्याकडेला टेबल, त्यावर अंडी आणि एक पत्र्याचा डबा. विकायला कुणी नाही, बघायला कुणी नाही. अंडी घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. पहिल्या दिवशी अक्का तिथे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, कुणीतरी येईल आणि पैसे घेईल म्हणून. "कुणी न बघतां पैसे टाकायला मला लाज वाटली," त्या म्हणाल्या. "इकडे वाढलेली मी. मी खरी वागतें आहें तें कुणी तरी बघावें कीं!" यावर आम्ही दोघी खूप हसलो. श्रीपेरुंबुदूरहून येऊन माझं डोकं भणभणत असायचं, पण अक्कांकडच्या त्या शनिवारी ते उतरायचं. मग पुन्हा महिनाभर बोलावणं नाही.

आता कोमळामामी. आमच्या दोन इमारती समोरासमोर, मधे मोटारी लावण्याइतकी जागा. समोरच्या इमारतीत दुसऱ्याच मजल्यावर कोमळामामींचं स्वयंपाकघर, अक्कांच्या खिडकीच्या बरोब्बर समोर. मामी इडलीबरोबर खायची पोडी, रसमचा मसाला असलं घरी दळून विकत. सोमवारी माल द्यायचा, म्हणून रविवारी सकाळपासून मामींचा मोठा मिक्सर सुरू. त्या मिक्सरचा आवाज असा, की टँकरवाले भोंगे वाजवायचे थांबून बघतील. अक्का रविवारी कुजबुजत राहायच्या आणि समोरून तो घरघरत राहायचा. दोघींचं भांडण खिडकीतून खिडकीत चाले, आणि तमिळमध्ये. "शनिवारी दळा," असं अक्का म्हणायच्या. "शनिवारी माझं पोट भरत नाही, तुमचं रविवारी दुखतं," असं मामी म्हणायच्या. तोपर्यंत मला बँकेपुरतं तमिळ यायला लागलं होतं. भांडणापुरतंही त्या दोघींमुळे आलं.

त्यातच अक्कांनी खिडकीला झडपा बसवल्या. लाकडी, हिरव्या, बाहेर उघडणाऱ्या, फटीफटींच्या, तिकडे असतात तशाच. तिकडच्या झडपांना मधे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं भोक असतं म्हणून सुताराला चित्र काढून दिलं. त्याने ते उलटं धरलं, आणि भोक पडलं पिंपळपानासारखं. अक्कांना ते इतकं आवडलं की त्यांनी तसंच राहू दिलं. सोसायटीच्या बैठकीत मामींनी तक्रार केली, की या हिरव्या फळ्यांमुळे इमारतीची शोभा गेली. शोभा! आमच्या इमारतीचा रंग गेले कित्येक पावसाळे खपल्या होऊन पडत होता. पण मामी शेवटपर्यंत हटल्या नाहीत. झडपा मात्र राहिल्या.

एकदा अक्का जिन्यात घसरल्या. पाय मुरगळला, फार काही नाही. पण मुलगा, मोहन, विमानाने आला. पन्नाशीचा, सभ्य, डोळ्यांखाली माझ्यासारखीच वर्तुळं. मराठी त्याला समजायचं, बोलायचा तो इंग्रजीत. त्याने आईसाठी तिकडे वृद्धांचं घर बघून ठेवलं होतं. तळ्याकाठी, खोलीतून बर्फाचे डोंगर दिसतात, दर दोन तासांनी कुणीतरी येऊन विचारपूस करतं. "तळें बघून मी काय करूं?" अक्का म्हणाल्या. "तळें कांहीं मला बघत नाहीं." मोहन माझ्याकडे वळला. आई इथे एकटी पडून राहिली आणि कुणाला कळलंच नाही तर, एवढंच त्याचं म्हणणं होतं.  त्याला आईला ओढून न्यायचं नव्हतं, बिचाऱ्याला नुसती झोप हवी होती.

तेव्हा अक्कांनी झडपांची गोष्ट सांगितली. तिकडे गावात सकाळी प्रत्येक जण झडपा उघडतो आणि रात्री लावतो. फ्राउ बाउमान त्याच इमारतीत समोरच्या घरात, खाली अंगणात उतरली की तिला अक्कांच्या झडपा दिसत. दहा-अकरा वर्षं तिने अक्कांना बोल लावले होते. वाळवणाच्या दोऱ्या, फोडणीचा वास, पोराचा चेंडू, काही सोडलं नाही. एका सकाळी अक्कांना ताप होता, उठवलं नाही, झडपा बंद राहिल्या. राव, म्हणजे अक्कांचे यजमान, गावाला गेलेले. दुपार व्हायच्या आत दारात फ्राउ बाउमान उभी, हातात सूपचं भांडं. "इतक्या वर्षांत ती कधीं माझ्या दारीं आली नव्हती. म्हणाली, तुमच्या झडपा उघडल्या नाहींत. एवढेंच. सूप ठेविलें आणि गेली. दुसऱ्या दिवशीं पुनः भांडायला आली." अक्का मुलाकडे बघत म्हणाल्या, "तितकें इकडे कुणी केलें तर मला पुरें."

 मोहन म्हणाला, इथला कुणी एक माणूस रोज बघणार असेल, नक्की बघणार असेल, तर तो आग्रह सोडेल. त्या खोलीत तिसरी फक्त मी होते. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर नाही म्हणायलाही ताकद लागते, आणि ती माझ्यात नव्हती. ठरलं असं, की अक्कांनी रोज सकाळी झडपा उघडायच्या, मी निघताना फाटकातून वर बघायचं, आणि बंद दिसल्या तर वर जायचं. मी नाशिकला गेले की अक्कांनी स्वतः मोहनला फोन करायचा. मोहनने माझे दोन्ही हात धरले. असलं काही मला नको होतं, पण धरले.

तेव्हापासून मी रोज फाटकात थांबून मान वर करू लागले. झडपा उघड्या, आत अक्कांचा पांढरा अंबाडा. त्या कधी हात हलवत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "हात हलविला तर तें माझ्यासाठीं थांबणें झालें. नुसतें बघून जावें." मग बस, उड्डाणपूल, उकाडा, शाखा, रांगा, रागावलेली माणसं. पण दिवसातलं एक काम सकाळी सातलाच पुरं झालेलं असायचं. बाकीची कामं कधीच पुरी होत नसत.

एकदा संध्याकाळी वीज गेली. मे महिना, घरात बसवेना, म्हणून मी बोलावणं नसताना त्यांच्या दारी गेले आणि त्यांनी चक्क आत घेतलं. अंधारात दोघी पंख्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. मी सहज विचारलं, राव कसे गेले? त्या म्हणाल्या, "झोपेंत. पहांटें हात लावला तर गार. रविवार होता." मी वाट बघत राहिले. "रविवार होता गे," त्या पुन्हा म्हणाल्या. "इमारतींत सगळे निजलेले. मी तोंडावर उशी धरून रडलें. किती वेळ, तें आठवत नाहीं. मग तोंड धुतलें आणि डॉक्टरला फोन केला. कुणाला आवाज गेला नाहीं." हे त्यांनी अंड्यांची गोष्ट सांगतात त्याच आवाजात सांगितलं.  वीज आली, तेव्हा त्या उठून आधी मोठा दिवा मालवायला गेल्या.

आणि मग माझी बदली आली. इतकी वर्षं जिची वाट बघितली ती नाशिकची ऑर्डर हातात पडली, आणि पहिला विचार मनात आला तो झडपांचा. मला स्वतःचाच राग आला. आनंदसुद्धा धड होऊ नये? मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "फार बरें झालें. पोरीला आई पाहिजे," आणि डिकाशन ओतू लागल्या. हात अगदी स्थिर होता. मग म्हणाल्या, "मोहनला कळवायला पाहिजे."

"त्याला कशाला सांगायचं?" मी म्हटलं. "मी तिकडूनच रोज फोन करत जाईन. त्याला काय कळणार आहे?"

"नाहींच कळणार," अक्का म्हणाल्या. "अंडीं सुद्धां कुणाला कळलीं नसतीं." त्यांनी पेला माझ्यापुढे सरकवला. "तो म्हणाला, इथलें एक माणूस. तूं गेलीस कीं माणूस नाहीं. मी पैसे न टाकतां अंडीं उचलूं काय?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तळें तसें वाईट नाहीं म्हणा. बदकें असतात." एवढं म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला रडू आवरेना. या बाईला इथेच राहायचं होतं, या भोंग्यांत आणि धुळीत, आणि ते माझ्या एका मान वर करण्यावर अडलं होतं.

मी माणूस शोधायला निघाले. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला स्वतःचंच होत नव्हतं. माझ्या शेजारचं तरुण जोडपं सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये कामाला, रात्रपाळी, सकाळी झोपेत. पण मुलं चांगली. म्हणाली, आंटी, आम्ही कॅमेरा बसवून देतो, मोहनना तिकडे फोनवर दिसेल. अक्कांनी त्यांना काजू दिले आणि नको म्हणून सांगितलं. "कॅमेरा बघेल," मला म्हणाल्या, "पण वर कोण येईल?" कोमळामामींना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. आदल्याच रविवारी दोघींची जोरदार झाली होती. मोहनने तिकडची खोली पक्की करायला घेतली. माझे जायचे दिवस जवळ येत चालले.

त्या आठवड्यात एका सकाळी मी फाटकात आले, वर बघितलं, आणि झडपा बंद होत्या.

मी कधी अशी धावले नसेन. पर्स फाटकातच पडली, ती वॉचमनने उचलून ठेवली म्हणे. लिफ्टची वाट न बघता जिना चढले. मनात एकच, की हे माझ्या शेवटच्या आठवड्यात कशाला. दुसऱ्या मजल्यावर पोचले तर दारात कोमळामामी. केस ओले, पदर खोचलेला, हाताला मसाला. दोन्ही तळव्यांनी दार बडवत होत्या आणि तोंडाने अक्कांच्या नावाने तमिळमध्ये शिव्या आणि देवाचं नाव असं एकत्रच चाललं होतं. समोरच्या इमारतीचे दोन जिने उतरून आणि इकडचे दोन चढून ती जाडजूड बाई माझ्या आधी पोचली होती.

दार उघडलं. अक्का उभ्या, तोंडाला रुमाल बांधलेला. "काय झालें?" खाली महापालिकेचा माणूस डासांसाठी धूर सोडत गेला होता, म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली होती. एवढंच. धावताना तो धूर माझ्याही नाकात गेला होता, पण मला त्याचा अर्थच लागला नव्हता.

मामींचा आवाज चढला. "धूर आला तर सांगता येत नाही? माझा जीव गेला ना! गॅसवर मिरच्या टाकून आले मी!" मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही! सातला बघता आणि बसमध्ये बसता. त्या साडेसहालाच उघडतात, तेव्हा कोण बघतं? तुम्ही गावाला जाता तेव्हा कोण बघतं? या फळ्या माझ्या डोळ्यांसमोर ठोकल्या त्या दिवसापासून मी बघतेय. दुसरं दिसतंच काय माझ्या खिडकीतून?" असं म्हणून त्या रडायला लागल्या आणि रडता रडता मिरच्या करपल्या असतील म्हणून निघून गेल्या.

अक्का दारातच उभ्या होत्या. रुमाल हातात घेऊन म्हणाल्या, "फ्राउ बाउमान." मग हसायला लागल्या. त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हाच ऐकलं. मोहनला फोन त्याच दिवशी केला त्यांनी, माझ्यासमोर. "माणूस मिळालें," असं मराठीत सांगितलं, आणि पुढचं सगळं त्याच्या भाषेत. तळ्याकाठची खोली दुसऱ्या कुणाला गेली.

मी निघाले तेव्हा अक्का माझं रिकामं घर तपासायला आल्या. तिकडे घर सोडताना मालकाचा माणूस येऊन शेगडीच्या मागे बोट फिरवतो, बोटाला काही लागलं तर घर ताब्यात घेत नाही. अक्कांनी ओट्याच्या मागे बोट फिरवलं, बोट बघितलं, पदराला पुसलं. "पास नाहीं," म्हणाल्या. "तूं जाऊं नकोस." आणि लगेच, "थट्टा केली गे." खाली टॅक्सी उभी होती. फाटकातून मी वर बघितलं. झडपा उघड्या होत्या. त्या दिवशी त्यांनी हात हलवला.

नाशिकला येऊन सुरुवातीला मी चांगली झोप काढली, मग तीच धावपळ सुरू झाली. तीच बँक, तशाच रांगा. अक्कांचा फोन महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, चार वाजता. मामींनी दळण शनिवारवर आणलं, हे त्यांनी मला विशेष बातमी म्हणून सांगितलं. वर मामी झडपांच्या रंगावरून अजून भांडतात, हेही. दीडेक वर्ष असं गेलं.

मग एका सकाळी फोन वाजला, कोमळामामींचा. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. "उघडल्या नाहीत," एवढंच म्हणाल्या, आणि मला कळलं. नेहमीची वेळ टळली, तशा त्या वर गेल्या. किल्ली आता त्यांच्याकडेच असायची. अक्का पलंगावर, कुशीवर, पांघरूण नीट. अंग अजून पुरतं गार झालं नव्हतं. मोहनला कळवलं होतं, तो निघाला होता. हे सगळं मामींनी सांगितलं.

"एक चूक झाली माझ्या हातून," त्या म्हणाल्या. "मला आवरलंच नाही. मी खिडकी उघडली आणि केवढ्यांदा तरी रडले. दोन्ही इमारतींतली माणसं धावत आली. रस्त्यावरची आली, टँकरवाले आले. आणि आज रविवार. अक्कांना काय वाटलं असेल हो?"



"मामी," मी म्हटलं, "रडलात ते फार चांगलं केलंत."